त्र्याण्णव रिकाम्या बश्या

माझं अक्षर किरटं आहे, शुद्धलेखनही चुकेल, तेवढं माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. ही गोष्ट परवापर्यंत मी कुणालाच सांगितली नव्हती — लेकीलाही नाही. आता लिहिताना छाती हलकी वाटतेय.

इंग्लंडात लेकीकडे, कॉव्हेंट्रीत, नातवंडांच्या शाळेच्या वाटेवर एक छोटं जपानी हॉटेल आहे. तीन वर्षांपूर्वी दर शुक्रवारी मी इराला आणि नीलला तिथे न्यायची. सरकत्या पट्ट्यावरून बश्या येतात, हवी ती उचलायची. काकडी घालून गुंडाळलेला भात, गोडसर अंडं, तिळाचे गोळे — दर वेळी एक नवा पदार्थ चाखायचा, हा मुलांचा नियम. शेवटी मालकीणबाई रिकाम्या बश्या मोजून बिल करतात.

हे मला कुठे ठाऊक होतं? खरकटं समोर ठेवून बसायची मला सवय नाही. पहिल्या दिवशी मी काही बश्या उचलून भांडी घासायला देतात त्या खिडकीत ठेवून आले. बिल कमी आलं. मालकीणबाई वाकून म्हणाल्या, "सो काइंड!" मी नुसती हसले.

घरी जाताना इरा म्हणाली, "आजी, प्लेट्स नको उचलू, त्या काउंट करतात ना!"

तरी पुढच्या शुक्रवारी उचलल्या. सगळ्या नाही — दोन-तीन. लेकीने दिलेल्या नोटेतले उरलेले पैसे माझ्या डब्यात. जावयाकडे मागायची लाज वाटे. आणि चोरायची? ती नाही वाटली. वर्षभर चाललं. त्यातून स्वेटरही घेतला.

मग एकदा सहा वर्षांचा नील जॅकेटखाली बशी धरून उठला. मला डोळा मारला. "आजी, माझा प्लेट पण नेऊ? मग पैसा कमी ना?"

इरा मान खाली घालून बसली होती. तिला कधीपासून कळत होतं?

तिथे जाणं मी बंद केलं. मुलांना सांगितलं, हॉटेल महाग झालंय. हेही खोटंच. त्या दारावरून जाताना दोघं भराभर पावलं उचलत — माझ्यामुळे.

पैसे जमले तशी परवा त्यांना घेऊन आत गेले. मी मराठीत सगळं सांगितलं, इराने इंग्रजीत. एक शब्दही तिने गाळला नाही. लिहून ठेवलं नव्हतं, तरी आकडा मला पाठ होता. डब्यातले पैसे पुढे ठेवले, कमी पडले ते पोळ्या लाटून मिळवलेले.

मालकीणबाईंनी नोटा मोजल्या, बश्या मोजत तशाच, हळूहळू. नील शेजारी उभा राहून बघत होता. त्र्याण्णव बश्यांचे पैसे पुरे फिटले.