मारका बैल धाकट्याकडे

फाटलेल्या कोटाला असं रफू करायचं की मालकालाही भोक सापडू नये, अशी मावशींची ख्याती. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मावशीच म्हणत. पण गेले काही महिने मावशी सुनेच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. घातलेला टाका उसवायला लावायचा, पुन्हा घालायला लावायचा, वर चार शब्द सुनावायचे. सून बिचारी रडकुंडीला आली होती.

खरं कारण वेगळंच होतं आणि मावशींनी त्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सुईचं नेढं त्यांना दिसेनासं झालं होतं. माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की खापरपणजोबा भर उमेदीत आंधळे झाले आणि तेव्हापासून हा भोग घराण्यात आला. आत्याची दृष्टी गेली तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. डॉक्टर मोतीबिंदू काढू म्हणत होते, पण घराण्याच्या दुखण्याला औषध कसलं, म्हणून आत्या मरेपर्यंत अंधारात बसली. मावशीही डॉक्टरांकडे जात नव्हत्या. जे ठाऊकच आहे, ते पैसे मोजून कशाला ऐकायचं?

अशात एके दुपारी त्यांचा चुलतभाऊ पिशवीभर कागद घेऊन आला. निवृत्त झाल्यापासून त्याला वंशावळीचं वेड लागलं होतं. पूर्वज कुणी बडा जमीनदार निघणार, या आशेवर त्याने सगळ्या नातेवाइकांच्या ट्रंका उपसल्या होत्या.

"डोंगर पोखरून उंदीर निघाला, ताई," तो म्हणाला. खापरपणजोबा साधे शेतकरी होते. ते थोरले, त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या वाटणीचा कागद मिळाला, त्यात जमीन चिमूटभर आणि बाकी गुरंढोरं. त्याने कंटाळलेल्या आवाजात वाचून दाखवलं, "थोरल्याचा डावा डोळा काळ्या बैलाच्या शिंगाने गेला आहे. सबब सदर मारका बैल धाकट्याने घ्यावा."

मावशींचे हात थांबले. "पुन्हा वाच."

त्याने वाचलं.

"एकच डोळा?"

एकच, आणि दुसरा चांगला शाबूत, असं म्हणत त्याने आणखी एक कागद काढला. म्हातारपणी याच गृहस्थांनी शेजाऱ्याशी भांडण काढलं होतं. शेजाऱ्याने बांध वीतभर सरकवला, तो यांनी म्हणे घराच्या ओट्यावरून पाहिला. असला भांडखोर पूर्वज पदरी पडला, याचं भावाला फार वाईट वाटत होतं.

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या आधी हसल्या, मग आत्या आठवली आणि रडल्या. एका बैलाने डोळा फोडला काय आणि घरादाराने त्याचा शाप केला काय!

दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू नुकता धरू लागला होता. तो पुढे काढता येईल, तोवर चष्मा लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेही शर्टाचं बटण तुटल्यासारखं सहज.

चष्मा आला त्या दिवशी मावशींनी स्वतः सुई ओवली. ते पाहून, आता आपली गरज उरली नाही असं समजून सुनेने हातातलं काम गुपचूप बाजूला ठेवलं.

"मला वाटलं होतं, मी आंधळी होणार," मावशी म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होत्या. "डोळे जायच्या आत सगळं तुझ्या हातात यावं, म्हणून तुला एवढं छळलं गं."

सून हळूच म्हणाली, "आई, मला वाटायचं, तुम्हाला मी या घरात नकोच आहे."

मावशींनी तिला जवळ ओढलं आणि बाजूला ठेवलेलं काम पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं. "आता सावकाश शीक," त्या म्हणाल्या. "मी आहे."