रेघेच्या आठ पावलं पुढे

अन्याय आमच्या गावावर झाला. नाव घेऊनच सांगायचं तर नारायणनानांवर झाला. गेल्या वर्षी होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, शाळा भरलेली असताना आणि अख्खं गाव बघत असताना, वेशीवरचा आमचा दगडी दरवाजा जेसीबीने पाडला. कारण काय, तर रस्ता रुंद करायचाय. नोटीस आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली... ती वाचायला कोण जाणार होतं?

सावदा आणि फैजपूरच्या मधलं, केळीच्या बागांतलं आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. दरवाजा किती जुना होता हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. पण पोळ्याला गावातला प्रत्येक बैल त्याच्या खालून जायचा. वर आंब्याच्या पानांचं तोरण नानांच्या घराण्याने बांधायचं आणि पहिला बैल नानांचा. हा त्यांचा मान. रस्त्यावर थर चढून चढून कमान बुटकी झाली होती, त्यात उजवीकडचा एक दगड बाहेर आलेला. त्यामुळे लांब शिंगांचा बैल तिथे आला की मान डावीकडे तिरकी करून निघायचा. आम्हाला त्यात विशेष काही वाटायचं नाही.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहिते. अंगात येणं, करणी, भानामती या सगळ्याविरुद्ध कॉलेजात असताना मी चौकात उभं राहून पत्रकं वाटली आहेत. या सदरातले गूढ अनुभव वाचून मोठ्याने हसलेही आहे. तेव्हा तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही.

दरवाजा पडल्यावर आम्ही पाचजणांनी समिती काढली. मागणी एकच – दरवाजा होता तिथे पुन्हा बांधा. बांधकाम खात्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, खाली पायासुद्धा उरलेला नाही, बांधायचं कशावर? मग पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बसथांब्याच्या शेडपासून माप घेतलं आणि डांबरी रस्त्यावर चुन्याची जाड रेघ मारली. बाजूला लिहिलं : इथे आमचा दरवाजा होता. पारावरून कुणीतरी म्हणालंच, "दरवाजा वाचवता नाही आला, अन् आता रेघ मारू रायली."

नानांना बोलवायला मी स्वतः गेले. दोन खांब रोवून देतो, त्यावर तोरण बांधा, असं सुचवलं. नाना ओट्यावरून उठले नाहीत.

"तोरण कुठी बांधू, माय? हवेत बांधू का?"

त्यांनी बैल धुतला, शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली आणि परत गोठ्यात बांधला. रस्त्यावर आणलाच नाही.

त्यामुळे दुपारी चारला वेगळाच पेच झाला. सगळे बैल सजून उभे, वाजंत्री तयार, पण पहिलं कुणी जायचं? नानांचा मान आपण खाल्ला असं कुणालाच म्हणवून घ्यायचं नव्हतं. तू जाय, नाही भो तूच जाय, असं अर्धा तास चाललं. तेवढ्यात आमचे शिंदखेड्याचे मामा आमचा बैल घेऊन सरळ पुढे निघाले. त्यांना इथल्या मानाचं काय माहीत! मी हाका मारतेय, तोवर ते रेघेपाशी पोचलेही.

हा बैल मामांनीच आमच्यासाठी शिंदखेड्याकडून आणला होता, चारच दिवस आधी. टेम्पोतून मागच्या रस्त्याने थेट मळ्यातल्या गोठ्यात. त्याने आमची वेस कधी पाहिलेली नव्हती. दरवाजा तर नाहीच नाही.

तो आमच्या रेघेवरून बेफिकीर चालत गेला. आठ पावलं पुढे जाऊन थांबला. मान खाली घातली, डावीकडे तिरकी केली, दोन पावलं तशीच टाकली... आणि मग मान सरळ करून चालू लागला.

वाजंत्री थांबली. मागून दुसरा बैल गेला – तेच. तिसरा – तेच. त्यांचं मी समजू शकते, जुने बैल, सवय असेल. पण पहिल्याचं काय? कुणीतरी मामांवरच संशय घेतला, तुम्हीच शिकवलं म्हणून. मामा वैतागले.

"हाऊ चार दिन गोठामाच व्हता. या रस्ताले आज पहिलांदाच येल शे."

दोर मामांच्या हातात डाव्या बाजूला होता, म्हणजे त्यांनी ओढला असेल? माझ्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. दोर सैल आहे. वर वायर नाही, सावली नाही, रस्त्याला खड्डा नाही. जनावरांच्या डॉक्टरांना मान दाखवली, ठणठणीत आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्याला एकटीने तिथून नेलं – पुन्हा मान तिरकी. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. त्यानंतर आजपर्यंत कधीच नाही.

पोळ्याच्या दिवशीच कुणीतरी नानांना घेऊन आलं होतं. नाना त्या जागेवर उभे राहिले, दोन्ही बाजूंच्या घरांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दरवाजा अठीच व्हता. तुही रेघ चुकली, माय." मग तिथेच बसून डोळे पुसायला लागले.

चूक आमचीच होती. बसथांब्याची शेड रुंदीकरणात आठ पावलं मागे सरकवली होती, आणि आम्ही माप तिच्यापासून घेतलं. सहा महिन्यांत आम्ही विसरलो... दरवाजासाठी भांडणारे आम्हीच!

पंधरा दिवसांनी पाण्याची पाइपलाइन टाकायला रस्ता खोदला. आमच्या रेघेखाली नुसता मुरूम निघाला. आठ पावलं पुढे घडीव दगडांचा पाया निघाला, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. साहेब स्वतः येऊन बघून गेले. आता म्हणतात, पाया आहे खरा, पण वरचे दगड कुठायत? दगड आणून दाखवा, मग प्रस्ताव पाठवतो.

दगड कुठे गेले हे गावाला माहीत आहे. पाडल्यावर दोन दिवस ट्रॅक्टर भरभरून लोकांनी नेले. मी त्यांच्यावर पत्रक लिहायला बसले, तेव्हा आमचे आबा – माझे वडील – हळूच म्हणाले, आधी आपल्या गोठ्यात जाऊन बघ. गेले. गव्हाणीशेजारी एक मोठा घडीव दगड पुरलेला होता. नवा बैल चार दिवस त्यालाच बांधलेला.

यातून काही उलगडतं का? मला नाही उलगडत. दगडाला बांधल्याने बैलाला दरवाजा कळतो असं मी पत्रकात लिहू शकत नाही, आणि जे पाहिलं ते पाहिलंच नाही असंही म्हणू शकत नाही.

आमचा दगड मी उपटून वेशीवर आणून ठेवलाय. सध्या तो तिथे एकटाच आहे. तुम्ही आमच्या पंचक्रोशीतले असाल, तर तुमच्या उंबऱ्याला, मोरीत, विहिरीच्या काठाला त्याचे भाऊबंद आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. कोणी नेला, का नेला, कुणी विचारणार नाही. हे वाचून झालं की उठा आणि तो परत आणून ठेवा.