शिवकांता सिस्टरची बाटली

दर सोमवारी आरोग्य उपकेंद्राचं कुलूप उघडलं, की शिवकांता सिस्टर सगळ्यात आधी स्वतः वजनकाट्यावर चढायच्या. चपला कोपऱ्यात, घड्याळ, पिना, बांगड्या उतरवून टेबलावर. गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग मात्र तसंच. त्या उदगीरकडच्या लिंगायत. ते अंगावेगळं करायचं नसतं. मग मला म्हणायच्या, "देवाचं वजन माझ्यात धरू नको. शंभर ग्राम वजा कर." मी गावची आशा ताई, त्यांच्या हाताखालची. करायचे वजा. तरी आकडा काही ब्याऐंशीच्या खाली येत नसे, आणि आम्ही दोघी काट्याकडंच संशयानं बघायचो.

पण हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. त्यांच्या आईचा पाय साखरेच्या आजारानं गेला होता, गुडघ्याखालून कापावा लागला. आता सिस्टरच्याही रक्तात साखर निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, गोड बंद करा, वजन उतरवा, नाहीतर तुमचीही वाट तीच. लेकरं दोन, धाकटा पहिलीत. नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी घरी. "मरायचं भ्या न्हाई गं मला," त्या म्हणायच्या, "पण लेकराच्या मागं पळायच्या वयात खाटंवर बसायचं न्हाई."

आता करायचं काय, हे कुणी धड सांगेल तर शपथ! जाऊ म्हणे भात सोड. भाऊ म्हणे रात्रीचं जेवणच सोड. मोबाईलवरची एक बाई म्हणे दर दोन तासांनी खा. "सोडू का खाऊ? एक काय ते सांगा की मेल्यांनो!" असं वैतागून सिस्टर तिन्ही गोष्टी एकदम करायच्या आणि दुपारी डोकं धरून बसायच्या. "मी काय करून राहिले, माझं मलाच कळंना." पहाटे पाचला उठून डबे, शाळेची तयारी, मग स्कूटीवर कंधारहून आमचं गाव, आणि दिवसभर घरोघर पायपीट. तरी डॉक्टर म्हणाले, कामातलं चालणं व्यायामात धरू नका. "मग ते पाय काय शेजारणीचे होते?" मी पदर ओढून घेतला. माझंच पोट सुटलेलं.

खरी गोम होती चहात. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि चहा म्हणजे निव्वळ पाक. रोज दहा घरं, दहा कप. शेवटी सिस्टरनी युक्ती काढली. घरून जिऱ्याच्या पाण्याची बाटली आणायची, आणि चहाचं नाव निघालं की ती दाखवायची. "नको माय, माझं पाणी हाय माझ्यापाशी." पंधरा दिवसांत दीड किलो उतरलं. उपकेंद्रात आम्ही फुगडी घालायचीच काय ती बाकी होती.

मग खालच्या आळीत एकेक दार बंद दिसायला लागलं. लसीच्या दिवशी बायका रानात, लेकरं मामाच्या गावाला. आम्हाला काही उमजेना. कोंडाबाईच्या नातवाची गोवराची सुई राहिली होती. तीनदा गेलो, तीनदा हात हलवत परत. चौथ्यांदा म्हातारी उंबऱ्यात आडवीच बसली.

"ज्या बाईला आमच्या घरचं पानी चालत न्हाई, तिची सुई आमाला कशाला?"

सिस्टर हातातल्या बाटलीकडं बघत राहिल्या. मला आधी कळेचना. मग कळलं. या आळीतल्या माणसांना एके काळी गावात वेगळी कपबशी असायची, बाहेर कोनाड्यात ठेवलेली. पिऊन ज्याची त्यानं विसळून ठेवायची. कोंडाबाई त्या कपातून चहा प्यालेली होती. तिनं लिंगायताची बाई बघितली, तिची बाटली बघितली. दुसरं काय समजावं तिनं? वरच्या आळीतही आम्ही हीच बाटली दाखवत होतो, पण ते खाली कोण सांगणार! चूक कुणाची धरायची? सिस्टरची देगलूरला बदली होऊन दोन वर्षं झाली, तरी मला सांगता येत नाही.

सिस्टरनी उंबऱ्यापुढंच फतकल मारली. "मावशे, मला साखर हाय गं. माझ्या माईचा पाय गेला तिनं. दोन लेकरं हायत मला. तुझ्या घरचं पाणी न चालायला मी कोण लागून गेले? आण तांब्या."

तांब्या आला. सिस्टरनी तो घटाघटा रिकामा केला. म्हातारीनं तांब्यात वाकून बघितलं. मग आत बघून ओरडली, "चहा ठेव गं!"

गेलं, म्हटलं, पाक पुन्हा सुरू. सिस्टरचाही चेहरा पडला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. आतून सून म्हणाली, "आत्याबाई, सिस्टरचा साखर घालायच्या आधी अलग काढू का?"

"अलग?" कोंडाबाई कडाडली. "अलग चहा लई पाह्यला म्या. ह्या घरात न्हाई. समद्यांचाच फिका कर."

आम्ही चौघी फिका चहा घेऊन बसलो. सिस्टर पिता पिता रडत होत्या आणि मी हसू की रडू या घोळात. कोंडाबाईनं पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "आगागा! रोज हे पिती व्हय गं माय तू?" पण कप खाली ठेवला नाही. तळापर्यंत प्याली, तोंड पुसलं, नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याचा दंड सिस्टरपुढं धरला.

"टोच," म्हणाली.