ताटावरचा आडवा हात

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत हरिहर गुप्त्यांच्या घरी पंगतीला बसलेल्याचं ‘नको’ कधी कुणी ऐकलं नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर सुमतीकाकू बोटांच्या फटीतून आमटी ओतायच्या. “माझी बोटं अजून भाजलेलीच आहेत,” असं हरिहरकाका नव्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवायचे.

पक्षाघातानंतर काकू घरी आल्या त्या नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी घेऊन. वाचा गेली, उजवी बाजू गेली. घरी येणाऱ्या आसावरी सिस्टरने काकांना शिकवलं : उशी उंच ठेवा, दर वेळी आधी सिरिंजने ओढून पोटात मागचं किती उरलंय ते बघा, पोट फुगलंय का ते चाचपा. काका हो म्हणाले. पण पहिल्याच आठवड्यात, काकू फार वाळल्या म्हणून, त्यांनी नळीतून वाटीभर पेज जास्त घातली. उलटी झाली, ती फुफ्फुसात गेली. पुन्हा आयसीयू. “परत असं झालं तर वाचणं कठीण,” डॉक्टरांनी बजावलं.

तेव्हापासून बायकोच्या पोटाला हात लावून बघितल्याशिवाय काका स्वतः चहासुद्धा घेत नसत.

रविवारी डोंबिवलीहून मुलगी आली, मैथिली. आईचे खांदे बघूनच तिला रडू फुटलं. दुपारी काकांनी सिरिंज ओढली, तर सकाळचं बरंचसं तसंच वर आलं. पोट ताठ लागत होतं. त्यांनी मिक्सरमधून काढलेली पेज झाकून ठेवली आणि आसावरीला फोन लावला.

“बाबा, उपाशी ठेवणार तिला?”

“सिस्टर म्हणतायत थांबा. डॉक्टरांना विचारून येतायत.”

“अहो, नुसती हाडं राहिलीत! थोडं तरी घाला.”

“मागच्या वेळी मी हेच म्हणालो होतो गं.”

मैथिली झाकलेल्या भांड्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

संध्याकाळी आसावरीने तपासलं. पोट सैल झालं होतं. डॉक्टरांनी निम्मंच, तेही अगदी हळू द्यायला सांगितलं होतं. काकांनी सुरुवात केली. मध्येच काकूंच्या कपाळावर आठी पडली. डावा हात चादरीवरून सरकत आला आणि पोटावर आडवा पडला.

“थोडंच राहिलंय, आई,” मैथिली म्हणाली.

काकांनी नळी बंद केली.

“तू ओतायचीस ना माझ्या बोटांवर?” ते काकूंना म्हणाले. “मी नाही ओतणार.”