दोन मिनिटं मशीन बंद

एरंडवण्यातल्या एका इमारतीच्या तळघरात आमची एडिटिंगची खोली होती. चपला दाराबाहेर काढायच्या, आत शिरलं की एसीच्या गारठ्यात शाल पांघरायची. टेबलाखाली मोठाले संगणक घरघरत असायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीत सिनेमाचा दिग्दर्शक बसायचा, आणि आम्ही दोघं दिवसभर एकाच पडद्याकडे बघत एखाद्या शॉटवरून भांडायचो. दोघांतलं कोणी आजारी पडलं, की खोलीला कुलूप. काम आतच राहायचं. ते उचलून घरी न्यायची सोयच नव्हती.

मग लॅपटॉप आले. सुरुवातीचे लॅपटॉप रडतखडत चालायचे, त्यांना आम्ही हसलो. पण बघता बघता ते इतके दमदार झाले, की अख्खा सिनेमा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत मावायला लागला. तळघर आम्ही सोडून दिलं. मी कोथरूडला घरीच, जेवणाच्या टेबलावर काम करू लागले. दिग्दर्शक येईनासे झाले, फोनवर त्यांच्या सूचना यायच्या. कोणाशी भांडण होत नव्हतं. माझ्या उमेदीची बरीचशी वर्षं त्या भांडणात गेली होती, हे तेव्हा कळलं.

एक दिग्दर्शक मात्र अजूनही शेजारी येऊन बसायचा. आमची मैत्री वीस वर्षांची. तो मूळचा चंद्रपूरकडचा, शिकायला पुण्यात आला आणि कात्रजला घर करून इथलाच झाला. बोलणं आमच्यासारखंच, पण चिडला की गावाकडचं यायचं. मार्केट यार्डातल्या हमालांवर तो माहितीपट करत होता. तीन वर्षं पहाटे उठून जायचा. कांद्याच्या गाड्या, पाठीवरची पोती, आणि त्यातला एक म्हातारा हमाल, जो कॅमेऱ्याकडे कधीच बघायचा नाही. आमचा पहिला कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी, जेमतेम लागला होता, अडीच तासांचा आणि विस्कळीत. तेवढ्यात त्याचा खोकला लांबला आणि तपासण्यांत फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी उरलेला वेळ आधी महिन्यांत सांगितला आणि दोन भेटींनंतर आठवड्यांवर आले.

मी भेटायला जायचं धाडस गोळा करत होते, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"ये ना लॅपटॉप घेऊन. आता तर तुझी खोली पिशवीतच असते."

"अरे, तू आराम कर."

"आराम पुढे भरपूर आहे," तो म्हणाला आणि हसता हसता खोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी कात्रजला पोचले. त्याच्या बायकोने दार उघडलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, त्याच्यासाठी बिनपगारी रजा घेऊन घरी होती. आतल्या खोलीत तो उशांना टेकून बसलेला, नाकात नळी, आणि पलंगाच्या पायथ्याशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घूं घूं करत होतं. मी त्याच्या मांडीवर चौरंग ठेवला, त्यावर लॅपटॉप. पडद्यावर मार्केट यार्ड आलं आणि त्याचा चेहराच बदलला. दुपारी त्याने वाटीभर मऊ भात खाल्ला. चार दिवसांत पहिल्यांदा, असं त्याच्या बायकोने मला दाराशी येऊन सांगितलं. "येत जा हो ताई," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटतं."

मी येत गेले. रोज.

कामाला रंग चढला, हे मी खोटं सांगणार नाही. इतकं चांगलं काम आम्ही तळघरातही केलं नव्हतं. त्याला आता कशाचाच मोह उरला नव्हता, आवडते शॉट तो सटासट काढायला सांगायचा. अडीच तासांची सत्तर मिनिटं झाली. मी दमून थांबले, की पडूनच म्हणायचा, "काहून थांबली? चालू दे ना."

त्याची बहीण गावाहून भेटायला आली. ती त्याचा हात हातात घेऊन बसली होती आणि तो तिच्याशी बोलता बोलता पडद्याकडे बघत होता. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दारात तिला रडू आवरेना, आणि आतून त्याची हाक आली, ती माझ्यासाठी होती.

एका सकाळी मी नऊलाच पोचले. त्याच्या बायकोने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"ताई, आज रविवार आहे."

"हो ना, रस्ता रिकामा होता, म्हणून लवकर आले," मी म्हणाले.

तिला काय म्हणायचं होतं, ते मला चांगलं समजलं होतं. शेवटी तिने वाट दिली.

सिनेमाचं निवेदन शिल्लक होतं. ते कोणा नटाकडून करून घ्यायचं आधी ठरलेलं, पण आता त्याला स्वतःचाच आवाज हवा होता. स्टुडिओत जाणं अशक्य. मी लॅपटॉपला लावायचा चांगला माइक मागून आणला. आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दारं उघडून साड्या मोकळ्या केल्या, खिडकीवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. कानाला हेडफोन लावले, तर त्याच्या प्रत्येक शब्दाच्या मागे मशीनची घूं घूं.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "हे दोन मिनिटं बंद करता येईल का?"

ती काही बोलायच्या आत तो म्हणाला, "येईल. मी विचारलंय डॉक्टरांना."

त्याने विचारलेलं नव्हतं. तिला ते माहीत होतं, आणि मलाही कळलं होतं.

चार दिवस आम्ही ते केलं. ती बटणावर हात ठेवून उभी राहायची. त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, आणि तिचे डोळे त्यावरच्या आकड्यावर. ती बटण दाबायची, खोलीत एकदम शांतता व्हायची, आणि तो वाचायला लागायचा. "पहाटे चारला यार्डात माणसापेक्षा पोत्याला मान असतो." एक्क्याण्णव. एकोणनव्वद. सत्त्याऐंशीला ती मशीन चालू करायची, वाक्य अर्धं असलं तरी. मग तो धापा टाकत पडून राहायचा, आणि आकडा वर चढला की बोटाने मला खूण करायचा.

चौथ्या दिवशी शेवटचा परिच्छेद होता, त्या म्हाताऱ्या हमालाचा. आकडा सत्त्याऐंशीवर आला, तिने हात पुढे केला, आणि त्याने डोळे वटारून तिला थांबवलं. तो वाचत राहिला. ओठ निळसर दिसायला लागले. माझ्या कानांवर हेडफोन होते, डोळे पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेवर. परिच्छेद संपला तेव्हा आकडा ब्याऐंशी होता. तिने मशीन चालू केलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी फाइल नीट साठवली गेली की नाही ते तपासलं. दोनदा तपासलं.

त्यानंतर तो फार बोलला नाही. सहाव्या दिवशी सकाळी गेला. मी तेव्हा माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, त्याचाच आवाज साफ करत बसले होते. हेडफोनमुळे फोन ऐकू आला नाही. तीन कॉल येऊन गेलेले. चौथा शेजाऱ्यांनी केला होता.

काम मी पुरं केलं. माझ्या हातात जे कसब आहे, ते सगळं ओतलं. दोन वाक्यांमधली धाप काढली. शब्दांना चिकटलेला खोकला काढला. जिथे आवाज चिरला होता, तिथे दुसऱ्या एखाद्या वाचनातला तोच शब्द आणून बसवला. ऐकणाऱ्याला वाटावं, धडधाकट माणूस निवांत खुर्चीत बसून बोलतोय.

एका छोट्या सभागृहात सकाळचा खेळ ठेवला. यार्डातले हमाल आले होते, मागच्या रांगांत टोप्या काढून बसले होते. सिनेमा त्यांना आपला वाटला. तो म्हातारा हमाल बराच वेळ खुर्चीतून उठलाच नाही. लोक माझ्याजवळ येऊन सांगत होते, निवेदनाचा आवाज काय लागलाय, शेवटपर्यंत खणखणीत होता की माणूस.

त्याची बायको पहिल्या रांगेत एकटीच होती. गर्दी ओसरल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"हा त्यांचा आवाज नाही," ती म्हणाली.

"त्याचाच आहे. मी फक्त..."

"त्यांना एक वाक्य सरळ बोलता येत नव्हतं शेवटी. मी होते ना तिथे. तुम्ही त्यांचा श्वास काढून टाकलात." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात चूक दाखवावी तसं ती बोलत होती. "मूळचं आहे का तुमच्याकडे? सगळं?"

होतं. मी चारही दिवसांचं मूळ ध्वनिमुद्रण, जसं होतं तसं, पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच दिवशी तिला नेऊन दिलं. तिने दारातच घेतलं.

महिन्याभराने तिचा फोन आला.

"ऐकलं मी सगळं. रोज थोडं थोडं." मग म्हणाली, "शेवटच्या दिवसाचं ऐकलंत का तुम्ही परत?"

"नाही."

"मी त्यात म्हणते, 'बास आता.' दोनदा म्हणते. आणि तुम्ही म्हणता, 'होऊन जाऊ दे, छान चाललंय.'"

"मी असं म्हटलेलं मला आठवत नाही," मी म्हणाले. खरंच आठवत नव्हतं.

"आठवत नसेल. म्हणून सांगितलं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी फाइल उघडली. तिचं 'बास आता' माइकपासून लांबून, दबकं आलेलं. माझा आवाज जवळचा आणि स्वच्छ. कामाच्या वेळी मी बोलते तसा गोड, समजूत घालणारा. त्यानंतर त्याचा श्वास, पुढचं वाक्य, पुन्हा श्वास. संपादन करताना हे सगळं माझ्या कानांवरून गेलं होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने कापलं होतं, बाकीचे नको असलेले आवाज कापले तसंच.

ती आता पुन्हा शाळेत जाते, असं कोणीतरी सांगितलं. मी तिला फोन केलेला नाही. काय बोलायचं ते बरेचदा मनात जुळवते, पण ते इतकं नीट जुळतं, की मलाच त्याची भीती वाटते.