आनंदाचा निकाल

पहिल्यांदा मनासारखा निकाल हाती आला तेव्हा मी तो कागद घेऊन कोहपरेबाईंच्या खोलीत धावतच गेले. बाईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला, उठून माठातलं पाणी पेलाभर आणून दिलं आणि दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "बस. घाबरू नोको. आनंद झाला का तुले?"

"हो, खूप झाला."

"मंग चुकलं असन कुठीतरी. आनंदाचा निकाल तीन डाव पाहाव लागते. दुःखाचा एक डाव पुरते."

मी मनातल्या मनात बोटं मोडत परत गेले आणि पुन्हा तपासलं. चुकलंच होतं. नळी उलटी धरून मी सहाचा नऊ वाचला होता. बाईंना सांगायला गेले तर त्या डब्यातली वांग्याची भाजी खात होत्या. त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

डॉक्टर मंदा कोहपरे म्हणजे औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, रक्तावर संशोधन करणाऱ्या. हा फरक आरमोरीच्या अलीकडच्या त्या रस्त्यावर कुणालाच मान्य नव्हता. माणसं खोकला घेऊन यायची, गुडघे घेऊन यायची. एकाने तर शेळी आणली होती. बाई प्रत्येकाला सांगायच्या, "मी रगताची डॉक्टर आहो, खोकल्याची नाई," आणि मग आल्याचा तुकडा कुठे ठेवलाय ते शोधू लागायच्या. कोरपन्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी मुंबईत शिकली, परदेशात आठ वर्षं मोठ्या प्रयोगशाळेत राहिली आणि एक दिवस सामान बांधून परत आली. का आलात, असं विचारलं की म्हणायच्या, "तिथी रगत फ्रिजातून येते. इथी मानसातून येते. मले मानूस पाहाचा होता."

आमची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक फ्रिज, एक सूक्ष्मदर्शक आणि त्यावर झाकायला बाईंच्या आईच्या लुगड्याचा तुकडा. दुपारी बरोबर दोनला माकडांची टोळी पत्र्यावर धावायची. बाई वर बघून म्हणायच्या, "आले आपले परीक्षक." संशोधनाचा लेख छापायला पाठवला की तो आधी अनोळखी परीक्षकांकडे जातो, त्यांच्याबद्दल बाईंचं हे मत होतं. यायचं, धिंगाणा घालायचा, दोन पत्रे खिळखिळे करायचे आणि नाव न सांगता निघून जायचं. एकदा परदेशातल्या एका परीक्षकाने खरोखरच लेखाच्या चिंध्या केल्या, तेव्हा बाईंनी त्याचं पत्र भिंतीला लावलं आणि खाली एक केळं ठेवलं.

मी सांगलीकडची. माझ्या बोलण्याची त्यांनी पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली. "हे 'आपण बसावे' न 'आपण सांगावे' गावात चालनार नाई. बाया समजतीन का नोटीस आली." मला आठवडाभर चहाच्या टपरीवर बसवून 'मले' आणि 'तुले' शिकवायचं काम त्यांनी टपरीवाल्याला दिलं होतं. त्या भाषेत मी शेवटपर्यंत नापासच राहिले.

आमचा विषय सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठेतरी अडकतात आणि हातपाय असे ठणकतात की माणूस लोळण घेतो. आईबापांकडून येणारा आजार. आम्ही तळ्याकाठच्या, मासे धरणाऱ्या आणि धान लावणाऱ्या गावांतून फिरत होतो, रक्त तपासत होतो. ज्यांना आजार निघेल त्यांना नावाचं कार्ड मिळे आणि कार्डावर गावातच फुकट गोळ्या मिळत. हे सगळे आकडे चार वर्षं जमवून मी मांडले आणि त्यातून असं काही निघालं की माझी झोपच उडाली. आजारी पुरुषांपेक्षा आजारी बायका कितीतरी जास्त भरत होत्या. आजार तर मुलगा-मुलगी बघत नाही, दोघांना सारखाच येतो. मग बायका जास्त उरतात याचा अर्थ एकच, बायकांचं शरीर हा आजार जास्त चांगला सोसतं. असं कुणी म्हटलेलं नव्हतं. बाईंनी पाणी दिलं, मी तीनदा तपासलं. प्रत्येक नळी, प्रत्येक बेरीज. एकही चूक नव्हती. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. माझी पीएचडी त्या लेखावर उभी होती, शिष्यवृत्ती दोन महिन्यांत संपत होती आणि घरी बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा झालं तर झालं, नाहीतर परत ये.

पण बाईंचा एक रिवाज होता. कोणताही लेख छापून येण्याआधी त्याच गावांत जाऊन लोकांना वाचून दाखवायचा. कुणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गावाचा हिशेब सांगायचा. "ज्याचं रगत त्याले पह्यले सांगाचं. मंग जगाले सांगा." मला तो वेळेचा अपव्यय वाटे. लेख स्वीकारला गेलाय, आता कोसंबी गावच्या बायका त्यात काय काना-मात्रा सुधारणार आहेत, असं मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "माकडाईले दाखोलं, आता मानसाईले दाखोव," आणि गाडीत बसल्या.

कोसंबीला तळ्याच्या पाळीवर माणसं जमली होती. पुरुष जाळी दुरुस्त करत होते, बायका चिंचेच्या सावलीत. मी माझ्या नापास बोलीत वाचलं. गावात आजार असलेले पुरुष इतके, बाया इतक्या. देवकाबाई नावाची एक म्हातारी पुढे बसली होती. तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. एक हात झाला, दुसरा अर्धा झाला आणि ती थांबली.

"एवढ्या बाया नाईत ना बाई आमच्या गावात," ती म्हणाली.

मी हसून म्हणाले, "आजी, तपासणीत आल्यात."

"तुही मशीन तपासते. आमी राती बोंबलनं आयकतो. कोन्या घरातली बाई ठनक्यानं रडते, हे गावाले ठाऊक नसन का? याच्यात इथी येऊन रगत देलेल्या चार तं डोंगरगावच्या सुना हायेत. माही पोरगीच हाये त्याच्यात."

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "देवकाबाई, तुमची पोरगी कुठी हाये?"

पोरगी तिथेच होती. धान लावायला महिनाभर माहेरी आली होती. तिने घाबरत घाबरत कमरेच्या पिशवीतून दोन कार्डं काढली. एकावर नाव वर्षा, गाव कोसंबी. दुसऱ्यावर अर्चना, गाव डोंगरगाव. लग्नात नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहिलं होतं. सासरचं कार्ड अर्चनाचं. माहेरी आली तर इथल्या यादीत अर्चना नाही, म्हणून गोळ्या नाहीत. मग तिने सरळ वर्षा म्हणून पुन्हा रक्त दिलं, पुन्हा आजार निघाला, पुन्हा कार्ड मिळालं. बाळंतपणाला आलेल्यांनी तेच केलं होतं, दिवाळीला आलेल्यांनीही. निरोगी बायकांना दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यायची गरजच नव्हती. पुरुष लग्नात नाव बदलत नाहीत आणि महिनाभर सासरी जाऊन राहत नाहीत. माझ्या शोधातल्या त्या सोशिक बायका म्हणजे ह्याच बायका, दोनदा मोजलेल्या.

"एक कारड वापस घ्याल का बाई?" वर्षाने विचारलं.

"नाई. दोन्ही ठेव," बाई म्हणाल्या. "जिथी राह्यशीन तिथी गोळी खाय. कागद आमचा चुकला, तू नाई चुकली."

परतीच्या वाटेवर मी रडले. सगळ्यात जास्त लाज याची वाटली की माझ्या आईचं माहेरचं नाव शोभा आणि सासरचं सुनीता. मामाकडे गेलं की तिला शोभी म्हणून मारलेल्या हाका मी स्वतः ऐकत मोठी झाले होते. चार वर्षं बायकांची नावं लिहिली आणि एकदाही आई आठवली नाही. मी म्हणाले, "बाई, अजून छापलेला नाही. कुणाला कळणार आहे?" हे वाक्य मी बोलले, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

 बाई म्हणाल्या, "देवकाबाईले कळलं ना. आता तिच्यापुढं जाऊन मी कोनतं तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही, असं त्यात लिहिलं. बाबांना त्यांनी स्वतः फोन केला. काय बोलल्या मला कळलं नाही, पण बाबा नंतर एवढंच म्हणाले, "त्या बाई वांग्याची भाजी पाठवते म्हणाल्या. राहा अजून दोन वर्षं." शिष्यवृत्ती संपली. बाईंनी मला प्रयोगशाळेत काचा धुण्याच्या कामावर ठेवलं आणि मी काचा धूत धूत सगळं नव्याने मोजलं. बायका-पुरुष सारखे भरले. या निकालाने कुणालाच आनंद झाला नाही, म्हणजे तो बरोबर होता.

त्यानंतर आमच्या तपासणीच्या अर्जावर एक रकाना वाढला: माहेरचं नाव आणि गाव. ही चूक कशी झाली यावर आम्ही एक छोटा लेख लिहिला. माकडांनीही तो फारसा कुरतडला नाही. बाईंच्या सगळ्या विद्वत्तापूर्ण लेखांपेक्षा लोकांनी तोच जास्त वाचला. आज कुठल्या कुठल्या राज्यांतली संशोधक मंडळी आपल्या अर्जात तो रकाना घालतात. त्यातल्या निम्म्यांना बाई माहीत नाहीत, कोसंबी तर नाहीच. मी हे सांगितलं तेव्हा बाईंना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. लगेच स्वतःलाच दटावत म्हणाल्या, "आनंद झाला मले. कुठीतरी चुकलं असन, पाह्य बरं."

गेल्या वर्षी त्यांना सारखा ताप येऊ लागला, अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. मी तोवर तिथलीच झाले होते, खोलीही त्यांच्याच शेजारची. नागपुरातून तपासणीचा कागद आला, रक्तात काही दोष नाही. मी पेढे घेऊन गेले.

बाईंनी पेढा हातात धरून विचारलं, "आनंद झाला का तुले?"

"बाई, आज तरी नको ना."

"काच मांड," त्या म्हणाल्या आणि बोट पुढे केलं.

मी त्यांचं रक्त काचेवर पसरलं, रंगवलं, लुगड्याचा तुकडा बाजूला केला. पहिल्यांदा पाहिलं, स्वच्छ. दुसऱ्यांदा पाहिलं, स्वच्छ. "दोनदा पाहिलं," मी म्हणाले.

"तिसरा डाव पाहाले तुही आई येनार हाये का सांगलीहून?"

तिसऱ्यांदा काचेच्या अगदी पातळ कडेला पाहिलं. तिथे मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींचा एक पुंजका होता. निरोगी रक्तात नसतात, रक्ताच्या कर्करोगात दिसतात, तशा होत्या त्या. मी डोळा वर काढलाच नाही. वर काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

"सापडलं वाट्टे," बाई म्हणाल्या.

मागे पावलांचा आवाज झाला. भिंतीला धरून त्या माठापर्यंत गेल्या, पेलाभर पाणी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. "बस. घाबरू नोको. दुःखाचा एक डाव पुरते. आता पाहू नोको पुन्हा."

मग पेढा तोंडात टाकून त्या आत जाऊन पडल्या. धान कापणीला आलं तेव्हा गेल्या. देवकाबाई आणि वर्षा दोघी आल्या होत्या.

बाईंचं सगळं मी ऐकलं, एवढं एकच ऐकलं नाही. त्या आत गेल्यावर मी ती काच पुन्हा पाहिली. तीन डाव पाहिली.