कृत्तिकांची नीळ

कृत्तिका निळ्या असतात. यात मताचा प्रश्न नाही. त्या पुंजक्यातले तारे कोवळे आणि अतिशय तापलेले असतात, भोवतीची धूळसुद्धा त्यांच्या उजेडात निळी दिसते. शेजारची रोहिणी मात्र नारिंगी, पिकलेल्या टेंभरासारखी. माझ्या फोटोंत रोहिणी बरोबर यायची आणि कृत्तिका पिवळट, दुधावरच्या सायीसारख्या. दोन हिवाळे मी या एका गोष्टीने जेरीला आले होते.

खरं तर मला तारे नकोच असतात. मला पाहिजे असतो या दोघींच्या मधला काळोख. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नाही असं वाटतं. रात्रभर कॅमेरा लावून ठेवला आणि नंतर फोटोवर फोटो रचले की कळतं, तिथे धुळीचे काळे ढग पसरलेले आहेत आणि मागचे तारे त्यांनी झाकले आहेत. ती जागा रिकामी नाही, मध्ये काहीतरी उभं आहे, हे पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा मी घरात एकटी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. या ढगांचा तपकिरी रंग खरा यायचा तर आधी ताऱ्यांचे रंग खरे यावे लागतात. तिथे चुकलं की सगळ्या आभाळाला कावीळ होते.

मी रिसोडला शाळेत गणित शिकवते. अमावास्येला सुट्टी जुळली की एसटीने आणि पुढे जीपने जऊळक्याजवळच्या आमच्या गावी यायचं, बाबांच्या हातची भाजी-भाकर खायची आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून घरामागच्या शेतात जायचं. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात. बाईमाणूस, अमावास्या, डोक्याला लाल दिवा, म्हटल्यावर गावाने काय म्हणायचं ते सगळं म्हणून झालेलं आहे. मी लक्ष देत नाही.

रात्रीचं काम कॅमेरा करतो, माझं काम उजाडताना सुरू होतं. लेन्सच्या कडा थोड्या अंधारतात. त्या किती, हे सॉफ्टवेअरला कळावं म्हणून लेन्सवर पांढरं कापड ताणून फिकट आभाळाचे कोरे फोटो काढावे लागतात. सॉफ्टवेअर त्या कोऱ्या फोटोंना पांढरं धरतं आणि बाकी सगळं त्यावरून जोखतं. लोक यासाठी जुना बनियन वापरतात. मी आईचं पातळ घेतलं.

ते तिचं पौर्णिमेचं पातळ, पांढरंशुभ्र, बारीक पोताचं. विहारात जाताना नेसायची. तिचा हात मोडला होता तेव्हा ते एकदा बाबांनी धुतलं आणि नीळ पाण्यात नीट न कालवताच त्यात बुडवलं. जागोजागी निळे डाग उठले. आई तेच नेसून विहारात गेली आणि कुणी विचारलं की बाबांकडे बोट दाखवून पदराआड हसत राहिली. बाबा तेवढा वेळ छताकडे बघत होते.

तिच्यामागे मला ते पातळ कापवेना. म्हणून पदराची दुहेरी घडी लेन्सवर धरायची आणि बाकीचं मातीला लागू नये म्हणून डोक्यावरून, खांद्यांवरून लपेटून घ्यायचं. पहाटे थंडीही असायची. थंडीचं निमित्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

शेजारच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याला रात्रीची लाइन असते, वीज तेव्हाच येते, त्यामुळे तो पहाटेपर्यंत पाणी देत असतो. पहिल्याच हिवाळ्यात त्याने बाबांना चारचौघांत सांगितलं, "काका, तुमच्या बांधावर काकू उभी होती. पांढरं पातळ होतं. म्या सोता पाह्यली."

बाबा हसले. आमच्या घरात भूत हा शब्द चेष्टेतही चालत नाही. लहानपणी मी एकदा घाबरले तर बाबांनी हातात बॅटरी देऊन मला एकटीला चिंचेखाली जाऊन यायला लावलं होतं. "माही पोरगी असते थे. फोटो काढून राह्यली असते," त्यांनी त्याला सांगून टाकलं आणि घरी येऊन मलाही. आम्ही दोघं त्यावर पोटभर हसलो.

मात्र त्यानंतर पहाटे शेतातून परतले की बाबा मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले दिसायचे, तोंड शेताकडे. झोप लागत नाही म्हणायचे. मी ते वयावर ढकललं.

इकडे कृत्तिका दर अमावास्येला आणखी पिवळ्या पडत होत्या. पहाटेच्या आभाळाच्या निळेपणाची वजाबाकी मी आधीच केलेली होती. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, लेन्स विकायला काढली आणि इंटरनेटवरच्या एका ओळखीच्या हौशी माणसाशी कडाक्याचं भांडले. कारण तो म्हणाला होता, तुमचं पांढरं पांढरं नाही. गणिताच्या बाईला वजाबाकी शिकवायला निघाला होता.

मग एका सकाळी न्हाणीजवळ बाबा बादलीवर वाकलेले दिसले. बादलीतलं पाणी गर्द निळं होतं आणि त्यात पातळ बुडवलेलं होतं. बाजूला निळीची अर्धी झालेली बाटली.

मी पाहतच राहिले. इंटरनेटवरच्या त्या माणसाचं बरोबर होतं. कापडात जेवढी नीळ, तेवढा निळा रंग सॉफ्टवेअर इमानेइतबारे ताऱ्यांतून काढून घेत होतं. दोन हिवाळे माझ्या कृत्तिकांचा रंग या बादलीपायी जात होता.

"बाबा, याले नीळ नका लावू," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. "माहे सगळे फोटो पिवळे येऊन राह्यले."

"बिना निळीचं मळकं दिसते वं."

"दिसू द्या मळकं. इतकी कायले लावता?"

"दुरून दिसलं पायजे."

"कोणाले?"

बाबांनी पातळाचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही समोरासमोर उभे राहून ते पिळलं.

"मले मालूम हाय, तूच असतं थे," मग ते म्हणाले. "मी काही येडा नाई. पण नीट उजेडलं नसते, तू पदर वर धरतं, अन् तशीच उभी राह्यतं. तेवढ्या वेळ मले मालूम नसते."

मला रडू येण्याआधी राग आला. चिंचेखाली मला एकटीला पाठवणारा माणूस हा. पण मग मी तरी त्या पातळात शिरून दर अमावास्येला काय करत होते? तिच्या डोक्याच्या तेलाचा वास कधीच गेला होता आणि तरी मी तो शोधत असायचे. आम्ही दोघं एकाच बाईची वाट बघत होतो, एक आतून आणि एक बाहेरून. मी पातळ दोरीवर नीट पसरून वाळत घातलं आणि निळीबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

कोऱ्या फोटोंसाठी मी दुधी प्लास्टिकचा एक तुकडा आणला. पुढच्या अमावास्येला तो लेन्सवर ठेवून काम उरकलं आणि मग पातळ डोक्यावरून घेऊन, पदर वर धरून, उजेड होईपर्यंत नुसती उभी राहिले. घराकडे पाहायचं धाडस झालं नाही.

त्या वेळचा फोटो तयार झाल्यावर बाबांना लॅपटॉपवर दाखवला. रोहिणी नारिंगी आणि मधले ढग मातीसारखे तपकिरी आले होते. कृत्तिका अखेर निळ्या होत्या, आणि त्यांच्याभोवती, फोटोवर फोटो रचून पांढुरक्या झालेल्या आभाळात, उठलेले निळे डाग. बाबा चष्मा वर करून वाकले.

"नीळ जास्त झाली," ते सवयीने म्हणाले. मग त्यांना काय आठवलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यांनी पडद्यावरच्या त्या डागांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथून काढलं नाही.

पुढच्या अमावास्येला मला जाता आलं नाही, पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला.

"ताई, रातच्याले गावाले आल्या होत्या काय?"

"काहून?"

"बांधावर, बोरीपाशी उभी होती. पांढरी. जराशीबी हालत नव्हती. म्या जवळ नाई गेलो."

मी रिसोडच्या खोलीत बसले होते, समोर पेपरांचा गठ्ठा. पातळ गावी, बाबांच्या पेटीत. मला सगळं दिसलं. अंधारात बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी बांधापर्यंत गेले असतील. बोरीच्या काट्यांना त्यांनी पातळ अडकवलं असेल, पदर वर राहील असं. आणि उजाडायच्या आत ओट्यावर पोचून खुर्चीत बसले असतील, तोंड शेताकडे करून. आपणच अडकवलेलं कापड. किती वेळ मालूम नसेल त्यांना?

"हो," मी म्हणाले. "मीच होते."

त्याचा जीव भांड्यात पडला. माझा नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. पेपर झाले का, त्यांनी विचारलं. जेवले का, मी विचारलं. बोरीचा विषय दोघांनीही काढला नाही. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "येतानी निळीची बाटली आणजो. संपली."

मी दोन घेतल्या.